आरोग्याचा ताळेबंद : समज आणि गैरसमज

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी आहे. औषधोपचार सुचविण्याचा अधिकार मला नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. परंतु अनेक वर्षे गादीवर बसून लोकांशी बोलताना आहार-व्यायामाविषयीचे जे समज कानी पडतात, त्यांपैकी काही आपल्या समाजाला फार महाग पडत आहेत, असे मला मनापासून वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख अंदाजण्यात आली. म्हणजे हा विषय आता प्रत्येक घराचा झाला आहे.

पहिला समज असा की, मधुमेह हा जाड माणसाचा आजार आहे. सडपातळ माणसाला भय नाही. या समजाला धक्का देणारे संशोधन आपल्याच पुणे जिल्ह्यात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. येथील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, त्याचे स्नायू कमी. परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असे आढळले. दिसायला कृश पण आतून मेदयुक्त, अशी ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे.

२००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासमवेतचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांनाही निरोगी म्हणत होता, आतला हिशेब मात्र निराळा होता.

म्हणून आपण वजनकाट्याबरोबर टेपही हाती घ्यावा. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे तज्ज्ञ सांगतात. येथे माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. ‘माझ्या पँटचा नंबर वीस वर्षांत बदललेला नाही,’ असे अभिमानाने सांगणारे अनेक गृहस्थ पँट पोटाच्या खाली नेसत असतात. नंबर तोच राहतो, पोट मात्र वर वाढत जाते. माप पट्ट्याच्या जागी घेऊ नये. बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून घ्यावे.

दुसरा समज आपल्या समाजात अधिक खोल रुजलेला आहे. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, आम्हाला काहीही कमी पडत नाही.’ शाकाहार ही आपली श्रद्धा आहे, ती अहिंसेवर उभी आहे आणि तिच्याविषयी तडजोडीचा प्रश्नच नाही. परंतु ब-१२ जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात; धान्य, डाळी, भाज्या व फळे यांत ते मिळत नाही. मोड आलेली कडधान्ये किंवा स्पिरुलिना यांवरही त्यासाठी विसंबता येत नाही. शाकाहारी माणसाला ते मिळते दूध, दही, ताक आणि पनीर यांतून. आणि चहापुरते दूध त्यासाठी पुरेसे नाही. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विस्मरण होते, आणि आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो.

पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवती मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. पुढे २००८ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. बंधू-भगिनींनो, याचा अर्थ असा की, सुनेच्या ताटातील उणीव नातवाच्या खात्यावर जमा होते. आपल्या घरांत आजही सर्वांना वाढून झाल्यावर सुना जेवतात आणि तोवर दह्याचे भांडे रिकामे झालेले असते. ही रीत बदलली पाहिजे. रक्ताची साधी तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेता येते. हे जीवनसत्त्व कारखान्यात जीवाणूंच्या साहाय्याने तयार करतात, प्राण्यांपासून नव्हे. कॅप्सूलचे जिलेटिनचे आवरण नको असेल, तर गोळी मागावी.

तिसरा समज ‘नैसर्गिक’ या शब्दाचा. दौंड तालुका उसाचा आणि गुऱ्हाळांचा. ताज्या गुळाची गोडी आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘साखर बंद केली, आता गूळच खातो,’ असे मधुमेही जेव्हा म्हणतो तेव्हा काळजी वाटते. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. सैंधवाचेही तसेच, तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच आहे. दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरचा पापड, लोणचे आणि फरसाण यांतच त्याचा मोठा भाग संपतो. पापड भाजला तरी त्यातले मीठ आणि पापडखार जात नाही.

चौथा समज व्यायामाचा. ‘दिवसभर दुकानात उठबस होते, निराळा व्यायाम कशाला?’ ठाणे उचलून ठेवण्याने माणूस दमतो हे खरे; परंतु दम लागेल असे सलग चालणे त्यात होत नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, ही शिफारस साठी उलटलेल्यांनाही लागू आहे. उतारवयात स्नायू झिजतात, तोल जातो, आणि एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, हाही आरंभ होऊ शकतो.

पाचवा समज सर्वांत घातक. ‘बरे वाटते, मग गोळी कशाला?’ बाजारपेठेतील माझे एक व्यापारी मित्र रक्तदाबाची गोळी घेत असत. प्रकृती उत्तम वाटू लागली म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. काही महिन्यांनी पक्षाघात झाला. एका झटक्यात सरळ रेषेत कापड फाडणारा त्यांचा उजवा हात आज कात्री धरू शकत नाही. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो.

हेच पर्युषणातील तपश्चर्येविषयी. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपवास केला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून बेशुद्धी येऊ शकते. चौविहार पाळणाऱ्यांनीही गोळ्यांच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. तप यथाशक्ती करावे, असेच शास्त्र सांगते. बाह्य तपांत अनशनाबरोबर ऊणोदरीही आहे. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे हे रुग्णालाही डॉक्टरांच्या संमतीने साधण्यासारखे आहे.

शेवटी, सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी एकदा कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांची सामुदायिक तपासणी व्हावी. विवाहयोग्य मुली आणि नवविवाहित सुना यांच्या ब-१२ तपासणीचा खर्च ट्रस्टने उचलावा. आणि स्वामीवात्सल्याच्या पंगतीत एक मिष्टान्न कमी करून त्या जागी ताक व डाळ आग्रहाने वाढावी.

व्यापारी दर दिवाळीला वहीपूजन करतो आणि वर्षाचा ताळेबंद मांडतो. तसाच शरीराचाही दरसाल मांडावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!