चाकांची खुर्ची आणि खेळाचे मैदान



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानास उभा राहिला म्हणजे आज बोनस, महागाईभत्ता किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. आम्ही आज खेळाविषयी बोलणार आहोत. चाकांच्या खुर्चीत बसून खेळले जाणारे आणि देशोदेशींच्या खेळाडूंत चुरशीने लढविले जाणारे खेळ, हा आमचा विषय. संयोजकांना तो कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली!

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या धंद्याच्याच वाटेने. आपला हा किनारा दिसावयास मोठा रमणीय; पण त्यावर माणसे कामे करतात. बंदरात यारी चालते, रासायनिक कारखान्यांत उंच मनोरे आहेत, होड्यांवर दोर ओढावे लागतात, आणि वाडीत माडावर चढावे लागते. माडावरून पडलेला माणूस वाचला तरी पाठीचा कणा मोडला की कंबरेखालचे शरीर त्याचे राहत नाही. मग नुकसानभरपाईचा दावा येतो, आणि तो आमच्याकडे येतो.

या दाव्यांसाठी १९२३ च्या कायद्याने एक तक्ता घालून दिला. अंगठा गेला तर तीस टक्के. तर्जनी सबंध गेली तर चौदा टक्के. दोन्ही हात गेले तर शंभर. २०२५ च्या नोव्हेंबरात हा जुना कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी तक्ता तिच्यातही आलाच आहे. त्याची निंदा आम्ही करीत नाही. त्याच तक्त्याच्या आधाराने कित्येक घरांतली चूल पेटती राहिली आहे. तथापि त्यात एकच प्रश्न विचारलेला असतो: काय गेले? काय उरले, यासाठी रकाना नाही. दाव्याचा निकाल लागतो, पैसे बँकेत जमा होतात, आणि तिशीतला गडी पडवीतल्या खाटेवर पुढली तीस-चाळीस वर्षे काढावयास मोकळा होतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत या तीस-चाळीस वर्षांचा प्रश्नच नव्हता. कणा मोडलेला माणूस बहुधा काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत मरत असे. खाटेवर पडून होणाऱ्या जखमा आणि मूत्राशयातला जंतुदोष यांनी तो मरे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात अशा रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि तो लुडविग गुटमान या डॉक्टरांच्या हाती आला. हे गृहस्थ जर्मनीतले ज्यू. हिटलरच्या राजवटीतून १९३९ साली निसटून इंग्लंडला आलेले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी: रोग्याला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवावयाचे. दुसरी गोष्ट अशी की त्याला कामाला लावावयाचे, आणि तिसरी, खेळाला. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. चौदा पुरुष, दोन स्त्रिया. १९५२ साली हॉलंडचे माजी सैनिक येऊन मिळाले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती रोमला गेली. आज जिला पॅरालिंपिक म्हणतात तिची मोजदाद तेथून करतात.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येऊ. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात ते कारागीर म्हणून होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, आणि कंबरेखालचे शरीर लुळे पडले. हातापायांत बळ यावे म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरविले. म्हणजे पोहणे हे आधी औषध होते, मग तो खेळ झाला. १९६८ साली ते तेल अवीवच्या खेळांत टेबलटेनिस खेळून आले. आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्त पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळविलेले भारताचे पहिले सुवर्ण २००८ सालचे, नेमबाज अभिनव बिंद्रा यांचे. पेटकरांचे त्याच्या छत्तीस वर्षे आधीचे.

हे खेळ हायडेलबर्गला का झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला होते, आणि हे खेळही तेथेच व्हावेत असा विचार होता. पण म्युनिकच्या खेळाडूंसाठी बांधलेल्या घरांचे नंतर खाजगी सदनिकांत रूपांतर व्हावयाचे होते. सबब खुर्चीवाल्यांसाठी जागा नाही. जागेचा सौदा आधी आणि माणूस मागाहून, ही रीत काही केवळ आपल्याच तालुक्यातली नव्हे!

पेटकरांना परदेशी जाण्यास ज्यांनी हातभार लावला त्यांत विजय मर्चंट होते, क्रिकेटमधले प्रख्यात फलंदाज. गिरणी चालविणारे घराणे. आम्हाला गिरणीमालकांची स्तुती करण्याची सवय नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे. पेटकरांनी पुढे पुण्यास टेल्कोत नोकरी केली. सरकारचा पद्मश्री हा किताब त्यांना २०१८ साली मिळाला. मधली शेहेचाळीस वर्षे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते, आणि २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कोठे ते घरोघर पोचले.

यावर कोणी म्हणेल, एखादा असामान्य पुरुष निघतो, त्यावरून सगळ्यांचे काय? म्हणून आम्ही व्यक्ती बाजूला ठेवून नियमांकडे वळतो. युनियनवाल्याला माणसापेक्षा नियमपुस्तक अधिक समजते.

चाकांच्या खुर्चीतील बास्केटबॉल घ्या. येथेही तक्ता आहे. पण हा तक्ता, खेळाडूच्या अंगात हालचाल किती उरली आहे, ते मोजतो. सर्वांत कमी उरली असेल त्याला एक गुण, सर्वांत अधिक त्याला साडेचार. नियम असा की मैदानावरच्या पाच गड्यांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. आता हिशेब करून पाहा. साडेचारचे तीन धट्टेकट्टे गडी घेतले तर साडेतेरा झाले. उरलेल्या दोघांना मिळून अर्धा गुण. म्हणजे जमलेच नाही. दोन घेतले तर नऊ झाले; उरलेले पाच गुण तिघांत; तेव्हा एक किंवा दीड गुणाचा गडी घेतल्यावाचून संघच पुरा होत नाही. म्हणजे ज्याचे सर्वांत अधिक गेले त्याला संघात घेणे हे उपकाराचे काम राहिले नाही. त्याच्यावाचून अडते. आम्ही अनेक करार वाचले, काही लिहिले. सर्वांत दुबळ्या गड्याची जागा इतक्या पक्केपणाने राखणारे कलम आमच्या वाचनात दुसरे नाही.

याहून नवलाचा खेळ म्हणजे कर्लिंग. नाव आपल्या कानाला परके, कारण हा बर्फावरचा खेळ. आणि आपल्याकडे बर्फ असतो तो मासळीवर घालण्यापुरता. ज्यांनी कॅरम खेळला आहे त्यांना तो चटकन कळेल. सुमारे पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकास बारा फूट व्यासाचे वर्तुळ. ग्रॅनाइटचा घोटीव, मुठीचा, वीस किलोच्या आसपास वजनाचा दगड सरकवीत नेऊन त्या वर्तुळाच्या मध्याजवळ ठेवावयाचा, आणि प्रतिपक्षाचा दगड तेथे असेल तर आपल्या दगडाने तो उडवावयाचा. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडच्या एका निर्जन बेटावरच्या खडकातून काढतात.

धडधाकट माणसे हा खेळ खेळतात तेव्हा दगड सुटल्यावर दोन सोबती त्याच्यापुढे ब्रशाने बर्फ घासत धावतात. घासल्याने दगड अधिक लांब आणि सरळ जातो, म्हणजे हातून थोडी चूक झाली तरी वाटेत सावरता येते. खुर्चीवरून धावत घासणे शक्य नाही, म्हणून खुर्चीच्या कर्लिंगमध्ये घासणेच नाही. दगड सुटला की सुटला. त्यामुळे नेम आणि जोर यांचा अंदाज धडधाकटांपेक्षा अधिक काटेकोर लागतो. खेळाडू खुर्चीत बसून एका लांब काठीने दगड ढकलतो. खुर्ची जागची हलता कामा नये, पाय बर्फाला लागता कामा नये. आता निसरड्या बर्फावर एवढा धोंडा पुढे ढकलला तर ढकलणाऱ्याची खुर्ची मागे सरकणारच. त्यावर तोड अशी की सोबती आपली खुर्ची त्याच्या मागे आणून लावतो आणि त्याची चाके धरून ठेवतो. संघात चौघे, आणि त्यांत स्त्रीपुरुष दोन्ही असलेच पाहिजेत, हाही नियम.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. २००६ साली तूरिन येथे तो हिवाळी पॅरालिंपिकमध्ये आला. २००६, २०१० आणि २०१४ असे तीनदा कॅनडाने सुवर्ण नेले, आणि २०१८ व २०२२ साली चीनने. चीनचे २०१८ चे हे पदक म्हणजे हिवाळी पॅरालिंपिकमधले त्या देशाचे पहिलेच पदक होय. कर्लिंग आमच्या अलिबागेत आणा, असे आमचे म्हणणे नाही. पण खेळ बघता बघता मनात येते की पट्टी तीच, वर्तुळ तेच, दगड तोच. दोन-तीन नियम तेवढे बदलले, आणि खेळ सोपा न होता उलट अधिक कठीण झाला. कारखान्यात मात्र माणूस खुर्चीत बसला की त्याच्यासाठी यंत्राची एक पायरी बदलण्यापूर्वी त्याचा हिशेब करून मोकळे होतात.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे सारे सांगितले तिच्याकडे येतो. जखमी कामगार आम्हाला विचारतो: "साहेब, मी खेळलो तर माझे टक्के कापतील का?" हा प्रश्न पोकळ नाही. आमच्या पाहण्यातल्या एका दाव्यात समोरच्या वकिलाने अर्जदाराचा टेबलटेनिस खेळतानाचा फोटो पुढे केला, आणि हा गडी इतका चपळ असताना शंभर टक्के अपंगत्व कसले, असा सवाल टाकला. अशी एक गोष्ट वाऱ्यासारखी पसरते आणि दहा जण खाटेला चिकटतात.

त्या सर्वांना आम्ही एका सुताराचे उदाहरण देतो. त्या सुताराचा डावा हात अपघाताने कोपरापासून तोडावा लागला. तक्त्याप्रमाणे शंभर टक्के होत नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब ज्या कामावर तो पोट भरत होता त्या कामाची त्याची शक्ती पूर्ण गेली, भरपाई पूर्णच. म्हणजे कायद्याने पाहावयाचे ते हे, की माणूस त्याचे काम करून कमावू शकतो की नाही. खुर्चीत बसून त्याने चेंडू मारला म्हणून तो यारीच्या शिडीवर चढू लागत नाही. पेटकरांनी सदतीस सेकंदांत पन्नास मीटर पाणी कापले, म्हणून कोणी त्यांना पुन्हा रणांगणावर पाठविले नाही. तेव्हा फोटो काढू द्या. खुशाल खेळा. वकिलाला उत्तर देणे हे युनियनचे काम आहे.

राहता राहिला प्रश्न साधनांचा. शासनाने 'अपंग' शब्द काढून 'दिव्यांग' केला. २०१६ चा हक्कांचा कायदाही आला आणि त्यात खेळाची तरतूद आहे. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. त्यांनी २०२४ साली पॅरिसच्या उद्घाटनात देशाचा ध्वज धरला. हे सर्व अभिमानाचे आहे. पण या सभागृहात चढून येताना आपण दाराशी किती पायऱ्या मोजल्या? खुर्चीतला श्रोता आज आत आला असता तर त्याला चौघांनी उचलून आणावे लागले असते, आणि उचलून आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

कामगार कल्याण मंडळ कबड्डीचे सामने भरवते, तेथे खुर्चीच्या एका खेळाचीही नोंद व्हावी, अशी मागणी आम्ही करणार आहोत. सुरुवातीला टेबलटेनिस पुरे. त्याला बर्फ लागत नाही, तळे लागत नाही. टेबल नेहमीचेच, फक्त त्याचे पाय कडेपासून चाळीस सेंटिमीटर तरी आत असावेत, म्हणजे खुर्चीतल्या खेळाडूचे गुडघे अडत नाहीत. नियमही थोडाच वेगळा: एकेरीत सर्व्हिस टप्पा घेऊन बाजूच्या कडेने बाहेर गेली तर ती पुन्हा करावयाची, कारण खुर्ची तितकी बाजूला झेपावत नाही. असे टेबल गावातला कोणताही सुतार करील. जागा तळमजल्यावरची हवी. ती देण्यास कोणी तयार असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्ही येथेच दाराशी थांबलो आहोत.