बोलपटाला आलेला बहिरा प्रेक्षक



आम्ही शाळा अर्धवट सोडून यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलो. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत. शेडमध्ये एक गोष्ट नेहमी दिसे. वीस वर्षे माग चालवलेला माणूस घरी ओरडून बोलतो आणि सिनेमाला जायचे टाळतो. विचारले तर म्हणतो, 'आता आवड राहिली नाही.' आवड असते, ऐकू येत नाही.

मूकपटाच्या काळात, अक्षरओळख असली म्हणजे, अशा माणसाचे अडत नसे. संवाद पडद्यावर पाट्यांतून येत. 1931 साली आपल्याकडे 'आलम आरा' आला, चित्र बोलू लागले आणि पाट्या गेल्या. बहिरा प्रेक्षक तेव्हा जो बाहेर राहिला तो राहिलाच.

त्याला परत आत घेण्याचा अमेरिकेतला प्रयत्न सांगण्यासारखा आहे. तिथे खुर्चीच्या पेला ठेवण्याच्या खाचेत एक लवचिक दांडा बसवतात. त्याच्या टोकाच्या लहान चौकटीत संवाद अक्षरांत उमटतात. दुसऱ्या प्रकारात ते चष्म्यातून दिसतात. मात्र दांडा नीट बसला नाही तर नजर सारखी वरखाली करावी लागते, आणि बॅटरी मध्येच संपली तर उरलेला सिनेमा हातचा जातो.

म्हणूनच तिथल्या सरकारचा 2016 चा नियम आम्हांला मोलाचा वाटतो. डिजिटल चित्रगृहात पडदा एकच असेल तर निदान 4 साधने, पडदे 16 किंवा अधिक असतील तर निदान 12. नियम एवढ्यावर थांबत नाही. साधने चालू स्थितीत ठेवली पाहिजेत, आणि अशी अक्षरे असलेला चित्रपट चालू असताना ती काढून देणारा, लावून देणारा, अडल्यास पाहणारा निदान एक कर्मचारी हजर पाहिजे. कामगार कायद्यांत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे: पाळणाघर बांधलेले असते, पण किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नसते!

आपल्याकडेही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने चित्रगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आता ती अमलात येतात की नाही हे पाहायला कोणी तरी हवे. तिकिटाच्या खिडकीशी एकट्या बहिऱ्याने विचारले तर ती विनंती होते. दहा जणांनी विचारले तर मागणी होते. त्या दहांत ऐकू येणारेही असावेत. पुढच्या वेळी तिकीट काढताना आपण प्रत्येकाने एवढे विचारावे, 'बहिऱ्या माणसासाठी इथे काय सोय आहे?'