बसून जिंकलेली शर्यत



बायकांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा विषय निघाला की एक छायाचित्र हटकून पुढे येतं. १९६७ची बोस्टन मॅरेथॉन. २६१ क्रमांक लावून कॅथरीन स्विट्झर धावते आहे आणि जॉक सेम्पल नावाचे अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावरचा तो क्रमांक ओरबाडायला निघालेत. चित्र बोलकं आहे, जगभर गेलं. पण त्या चित्राने नियम बदलला नाही. उलट त्यानंतर अमेरिकेच्या अमॅच्युअर ॲथलेटिक युनियनने, म्हणजे एएयूने, बायकांनी पुरुषांच्या शर्यतीत उतरायचं नाही हा दंडक आणखी आवळला. तो सैल झाला तो बैठकांमधून, ठरावांमधून, चिवट पाठपुराव्यातून. हे रटाळ काम ज्यांनी अंगावर घेतलं त्यांत नीना कुसिक यांचं नाव पहिल्या रांगेत आहे. जून २०२५मध्ये त्या गेल्या. मराठीत त्यांच्याविषयी काही आलेलं माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

जन्म १९३९चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. शिक्षण नर्सिंगचं, पदरात तीन मुलं. स्केटिंग आणि सायकलिंगच्या शर्यती आधी गाजवल्या, धावणं नंतर आलं.

त्या धावू लागल्या तेव्हा बायकांच्या वाटेवर काय वाढून ठेवलं होतं? त्यासाठी थोडं मागे, १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपर्यंत जावं लागेल. तिथे बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदाच झाली. जर्मनीच्या लिना राडके यांनी २ मिनिटं १६.८ सेकंदांत ती जिंकली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या, नवाच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. शेवटी दम लागून एखादी खाली बसली असेल, पुरुषही बसतात. पण वार्ताहरांनी असं रंगवलं की बाया पटापट कोसळल्या, पाहवत नव्हतं. या कपोलकल्पित बातम्यांच्या जोरावर ऑलिंपिकमधून ती शर्यतच काढून टाकली आणि १९६०पर्यंत, बत्तीस वर्षं, ती परत आली नाही. १९६६मध्ये बॉबी गिब झुडपांतून हळूच रस्त्यावर येऊन बोस्टन मॅरेथॉन धावल्या, तेव्हा एएयूच्या लेखी बाईने धावायची कमाल मर्यादा होती दीड मैल. आणि मॅरेथॉन सव्वीस मैलांची! जास्त धावलं तर गर्भाशयाला इजा होईल, मूल होणार नाही, असं डॉक्टर मंडळीही बेलाशक सांगत. तीन मुलांच्या आईला हे ऐकून काय वाटत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

नीनाबाई १९६९मध्ये बोस्टनला धावल्या, अर्थात अनधिकृत. १९७१मध्ये तिथे सारा मे बर्मन त्यांच्यापुढे अवघ्या तीस सेकंदांनी राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये बेथ बॉनर यांनी २ तास ५५ मिनिटं २२ सेकंद घेतले, नीनाबाईंनी २ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. दोघींनीही तीन तासांच्या आत शर्यत पुरी केली होती. हे आकडे मी मुद्दाम सांगतोय. पुढे बैठकांत वाद घालायला हेच आकडे हाताशी होते.

१९७१च्या अखेरीला एएयूने अंतराची मर्यादा वाढवली आणि निवडक बायकांना मॅरेथॉनला मुभा दिली. या मागणीमागे नीनाबाईंचा मोठा जोर होता. मुभेला शेपूट मात्र होतंच: बायकांची सुरुवात पुरुषांपासून वेगळी हवी. वेगळ्या जागेवरून किंवा वेगळ्या वेळी. एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी, तेच अंतर. पण बाई पुरुषाशी स्पर्धा करते आहे असं कागदावर दिसता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ.

एप्रिल १९७२मध्ये बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला. पात्रतेची वेळ पुरुषांना होती तीच, साडेतीन तास. आठ जणी उतरल्या, आठही जणींनी शर्यत पुरी केली. ३ तास १० मिनिटं २६ सेकंदांत नीनाबाई पहिल्या आल्या. वाटेत पोट बिघडलं, जुलाब झाले, तरी थांबल्या नाहीत. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच सांगितली. तेहतीस वर्षांची नर्स, मळलेल्या कपड्यांनी, हजारो लोकांसमोर, अधिकृत निकालपत्रात पहिलं नाव लागावं म्हणून धावतेय. पुतळ्यासाठी हे दृश्य कोणी निवडणार नाही. मला मात्र त्यांची सगळ्यात जवळची ओळख इथेच होते.

त्याच जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फक्त बायकांची सहा मैलांची शर्यत भरली. सत्तरहून अधिक जणी धावल्या. प्रायोजक कोण, तर पायांवरचे केस काढायच्या जेलवाले. कुठल्या का हेतूने होईना, पैसे मिळाले.

आता १ ऑक्टोबर १९७२. न्यूयॉर्क मॅरेथॉन तेव्हा शहरभर जात नसे, सेंट्रल पार्कमध्येच फेऱ्या मारून पुरी होई. एएयूच्या नियमाप्रमाणे बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी सुटायचं होतं. सहा जणी रेषेवर आल्या. बंदुकीचा बार झाला. आणि सहाही जणी खाली बसल्या. तिथेच, डांबरावर, फलक हातात घेऊन. एका फलकावर एएयूला उद्देशून लिहिलं होतं की हे १९७२ साल आहे, जागे व्हा. दहा मिनिटं तशीच गेली. मग पुरुषांसाठी बार झाला, तशा या उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावू लागल्या.

यातली गंमत बघा. नियमाने सांगितलं होतं की तुमची शर्यत अमुक वेळी सुरू होईल. ती झाली. सुरू झाल्यावर लगेच पाय उचलायचे, असं कुठे लिहिलं होतं? नियम तोडण्यापेक्षा तो अक्षरशः पाळून त्याचं हसं करणं हे जास्त झोंबतं. सरकारी कचेरीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. अधिकाऱ्यांनीही मग नियमावर बोट ठेवून सहाही जणींच्या वेळेत दहा दहा मिनिटं मिळवली. बायकांत पहिल्या आलेल्या नीनाबाईंची ३ तास ८ मिनिटं ४१ सेकंदांची धाव कागदावर ३ तास १८ मिनिटांची झाली. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आलं ते बसलेल्या सहा जणींचं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि वेगळ्या सुरुवातीचा नियम एएयूला मागे घ्यावा लागला.

नीनाबाईंनी समित्यांवरचं काम सोडलं नाही. न्यूयॉर्क ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने मॅरेथॉनवर परिषद भरवली, तिथे शरीरशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांच्या लेखांशेजारी बायकांच्या मॅरेथॉनचा इतिहास सांगणारा लेख नीनाबाईंचा, १९७७मध्ये छापलेला. ज्या वर्गाने गर्भाशयाची भीती घातली होती, त्यालाच तारीखवार हिशेब दिला. जर्मनीत डॉ. एर्न्स्ट फान आकेन हीच लढाई वैद्यकाच्या बाजूने लढत होते; वाल्डनील या छोट्या गावात त्यांनी १९७४मध्ये बायकांची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरवली. अखेर १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली. जोन बेनॉइट यांनी २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत ती जिंकली. त्याच शर्यतीत स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने बेजार होऊन स्टेडियममध्ये लडखडत आल्या, शेवटची फेरी वेड्यावाकड्या पावलांनी पुरी केली. १९२८मध्ये न घडलेल्या कोसळण्यावरून बत्तीस वर्षं दार बंद झालं होतं. इथे तर सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं, आणि तरी चार वर्षांनी सोलमध्ये बायकांची मॅरेथॉन पुन्हा झालीच, जोडीला १०,००० मीटरही आली.

हे १०,००० मीटर आपल्याला परके नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच अंतराचं रौप्यपदक आणलं. बायकांची ३,००० मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली ती तर थेट २००८ला; माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर त्यानंतर आठच वर्षांनी रिओत तिची अंतिम फेरी धावली. या मुली सरावाला लागल्या तेव्हा ही अंतरं बाईला झेपतील का, हा वाद कुठल्या समितीपुढे उरला नव्हता.

समित्यांच्या या धबडग्यात नीनाबाईंचं स्वतःचं धावणं थांबलं असेल असं वाटेल. तसं काही झालं नाही. १९७७मध्ये त्यांनी पन्नास मैलांच्या धावेत अमेरिकन विक्रम केला. मग एम्पायर स्टेट बिल्डिंगचा जिना पळत चढायची शर्यत, १,५७६ पायऱ्या. ती त्यांनी १९७९, १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली, चाळिशी उलटताना.