बाळाचं अंथरूण मोकळं बरं



आम्ही बचत गटाच्या बाया बाळंतविडा शिवून विकतो. झबली, टोपडी, दुपटी, एक गोधडी, मोहरीची उशी आणि दोन छोटे लोड. उशी-लोडांमुळे विडा भरलेला दिसतो, भावही बरा येतो. यंदा मात्र उशी आणि लोड आम्ही काढून टाकले. का, ते आज सांगतो.

गेल्या थंडीत गटातल्या एका मैत्रिणीचं अडीच महिन्यांचं बाळ रात्री दूध पिऊन झोपलं, ते सकाळी उठलंच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं आईनेच कुशीत दडपलं. आम्हीही तिच्याकडे जायला कचरलो. बाळाच्या डोक्याखालची उशी आमच्याच गटाची होती.

मग बैठकीला नर्सताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "हे बाळ कशाने गेलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण धोका कशाने वाढतो, ते माहीत आहे." असे मृत्यू बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात, त्यातही दोन ते चार महिन्यांच्या वयात जास्त. इंग्लंडमध्ये १९९१ साली बाळाला पाठीवर निजवा म्हणून मोहीम निघाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तेव्हा एवढं लक्षात ठेवूया.

एक, बाळाला पाठीवरच निजवायचं, दिवसाही आणि रात्रीही. कुशीवर ठेवलेलं बाळ पालथं पडू शकतं. दूध घशात अडकेल ही भीती नको. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग निजवा.

दोन, अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. मऊ गादीत बाळाचं नाक रुततं. उशी, लोड, बाहुल्या जवळ नकोत. पांघरूण छातीपर्यंतच, तोंडावर पदरसुद्धा नको. डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी देतो. त्याऐवजी बाळ जागं असताना आपल्यासमोर थोडा वेळ पालथं घाला. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. तिथे झोपलंच तर उचलून अंथरुणावर ठेवा.

तीन, ऊब हवी, पण उकडायला नको. मानेला घाम आला, छाती तापली, तर एक कपडा कमी करा. दार लावून बाजेखाली शेगडी ठेवू नका, कोळशाचा वायू विषारी असतो. विडीचा आणि चुलीचा धूरही बाळापासून लांब ठेवा.

चार, बाळ आपल्याच खोलीत, हात पोचेल इतकं जवळ, पण त्याचं अंथरूण वेगळं. दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ कधीच नको. अंगावरचं दूध पाजत राहा, त्यानेही हा धोका कमी होतो.

बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर आशाताईंना विचारूनच कपडे-पांघरूण ठरवा. बाळ निळं पडलं किंवा श्वास अडखळला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

सासूबाईंनो, आजींनो, तुम्ही मायेनेच उशी देता, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हीही मायेनेच शिवत होतो. एवढं सगळं सांभाळूनही एखादं बाळ जातं. तेव्हा त्या आईला बोल लावू नका. तिच्या घरी जा, तिच्याजवळ बसा. आम्ही उशिराच गेलो. आता ती पुन्हा मशीनवर बसते आहे. उशी काढल्याने विडा स्वस्त झाला, गटाची मिळकत थोडी घटली. गिऱ्हाईक विचारतं, "उशी का नाही हो?" तेव्हा बाकीच्या गप्प असतात आणि उत्तर तीच देते.