झटक्यामागचा दाह



आकडी, फीट, मिरगी ही नावं घराघरांत माहीत आहेत. मेंदूतल्या चेतापेशी एकाच वेळी, एका तालात विद्युत्-संदेश सोडू लागतात आणि अंगाला झटके येतात, हेही आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या पेशी अशा बेभान का होतात? याचं उत्तर अनेकदा चेतापेशींच्या बाहेर सापडतं. आजचा विषय आहे त्या बाहेरच्या दोन गोष्टी: मायलिन आणि दाह.

मायलिन म्हणजे चेतातंतूभोवती गुंडाळलेलं स्निग्ध आवरण. ते नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर जातो, जाड मायलिन असलेल्या तंतूतून शंभर मीटरपर्यंत. त्याला वायरीवरच्या प्लास्टिकची उपमा देतात, पण मला ती अपुरी वाटते. प्लास्टिक निर्जीव असतं. मायलिन हे ऑलिगोडेंड्रोसाइट या जिवंत पेशीचं अंग आहे आणि ही पेशी तंतूला ऊर्जाही पुरवते. ती मेली की तंतू उघडा तर पडतोच, शिवाय उपाशीही राहतो.

प्रयोगशाळेत हे पाहायची एक जुनी पद्धत आहे. उंदरांच्या खाण्यात क्युप्रिझोन नावाचं, तांब्याला बांधून ठेवणारं रसायन अगदी थोड्या प्रमाणात, 0.2 टक्के, मिसळतात. ऑलिगोडेंड्रोसाइट मरू लागतात. पाच-सहा आठवड्यांत मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पट्ट्यातलं मायलिन बरंचसं नाहीसं होतं. तिथे थांबवलं तर मेंदू ते पुन्हा घडवतो. पण हाच आहार नऊ ते बारा आठवडे चालू ठेवला, तर या उंदरांना झटके येऊ लागतात.

हे कोड्यात टाकणारं आहे. मायलिन गेलं तर संदेश मंदावायला हवेत, मग मेंदू उलट भडकतो कसा? याचं उत्तर मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. मेंदूत काही चेतापेशींचं कामच इतरांना आवरण्याचं असतं. हे काम क्षणाचाही विलंब न होता व्हावं लागतं, म्हणून त्यांच्या तंतूंवरही मायलिन असतं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या मायलिनचा मोठा वाटा अशा आवरणाऱ्या पेशींचा आहे. मायलिन गेल्याचा फटका त्यांनाही बसतो. दीर्घकाळ क्युप्रिझोन खाल्लेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात या पेशी कमी झालेल्या आढळतात. म्हणजे लगामच सैल पडतो.

आता दाह. मायलिनचा ढिगारा उपसायला मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी धावतात. त्यांनी सोडलेलं इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचं रसायन चेतापेशींमध्ये जास्त कॅल्शियम शिरू देतं आणि त्यांना उत्तेजित करतं. दुसरीकडे अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशी बाहेर साचलेलं पोटॅशियम आणि चेतापेशींना भडकवणारं ग्लुटामेट उचलण्याचं त्यांचं रोजचं काम नीट करेनाशा होतात. इटलीत मिलान इथे अ‍ॅनामारिया वेझानी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: झटका स्वतःही दाह वाढवतो. म्हणजे दाहातून झटका, झटक्यातून आणखी दाह.

मायलिन जितकं जास्त तितकं बरं, असंही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं की, क्षणभर भान हरपवणारे झटके येणाऱ्या प्राण्यांमध्ये झटक्याच्याच वाटेवर जास्तीचं मायलिन चढतं आणि आजार बळावतो.

माणसांत काय दिसतं? मल्टिपल स्क्लेरोसिस हा मायलिनचा सर्वांत परिचित आजार. त्यात झटके येण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या दुप्पट-तिप्पट असतं. आपल्याकडे मात्र मला जास्त अस्वस्थ करतो तो एसएसपीई, गोवरानंतर उद्भवणारा मेंदूचा आजार. लहानपणी गोवर होऊन गेलेला असतो, आईवडील विसरूनही गेलेले असतात. त्यानंतर बहुधा सहा ते दहा वर्षांनी मूल अभ्यासात मागे पडू लागतं, हातातल्या वस्तू पडतात, काही सेकंदांच्या अंतराने अंगाला हिसका बसत राहतो. मेंदूत दडून राहिलेला गोवराचा विषाणू, त्याच्याविरुद्ध पेटलेला दाह, मायलिनचा नाश आणि झटके, सगळं एकाच मुलात. खात्रीचा उपचार नाही, पण गोवराची लस मात्र आहे. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा पुढच्या दशकातल्या याच धोक्याची मला काळजी वाटली.

याउलट, मायलिन बहुधा शाबूत आणि प्रतिकारशक्तीच बिथरलेली, असा आजार जोसेप दालमाउ यांनी 2007 मध्ये उलगडला: चेतापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांचा. तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, तिला झटके येतात आणि घरचे बाहेरचं काही लागलं म्हणून देवऋषी गाठतात. वेळेत स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन मिळालं तर बहुतेक रुग्ण सुधारतात. नुसत्या फीटच्या गोळ्यांनी ते साधत नाही.

एसएसपीई आणि हा प्रतिपिंडांचा आजार ओळखायचे तर मेंदूभोवतीच्या द्रवातली प्रतिपिंडं तपासावी लागतात. म्हणजेच पाठीतलं पाणी काढावं लागतं. इथेच घरचे अडून बसतात. पाणी काढलं की माणूस लुळा होतो, ही भीती फार खोल रुजली आहे. पण मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. झटक्यांसोबत वागणं, बोलणं, अभ्यास बदलला असेल आणि डॉक्टरांनी स्कॅन पाहून ही तपासणी सुचवली असेल, तर कृपा करून नकार देऊ नका.