दुखणं अंगावर काढू नका

मी मिरजगावची. आमच्याकडे बायका 'अंगावरून पांढरं जातंय' असं कुजबुजतात आणि दुखणं अंगावर काढतात.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के!

आत काय बिघडतं, ते सांगते. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे वाईट जंतूंना टिकणं अवघड जातं. आतून साबणानं धुतलं की हे राखणदारच कमी होतात. मग संबंधातून येणाऱ्या क्लॅमिडियाला वाट मोकळी. बहुतेकींना काहीच जाणवत नाही, पण गर्भनलिका खराब होऊ शकते. मग मूल होत नाही, आणि बोल बाईलाच!

खरं तर हा संसर्ग गोळ्यांनी बरा होतो. पण नवऱ्यानंही त्या घ्यायला हव्यात, नाहीतर पुन्हा लागण होते. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये उपचार मोफत मिळतात.

हा भाग मैत्रिणीला पाठवा. आणि हो, नवऱ्यालाही ऐकवा.