१७ सप्टेंबरनंतर काय झालं? (एपिसोडचा लिखित मजकूर)

सदाशिव पेठेतून बोलतोय. इथे कॉट बेसिसवर राहून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यांत मराठवाड्यातली पोरं किती आहेत, हे पेठेत कुणालाही विचारा. मीही त्यातलाच, लातूर जिल्ह्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख आपल्याला एका मार्कासाठी पाठ असते. आज जरा त्या मार्काच्या पलीकडे जाऊ.

जून १९४७. निजाम मीर उस्मान अली खान जाहीर करतात की हैदराबाद संस्थान ना भारतात जाणार, ना पाकिस्तानात. म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले तेव्हाचे पाच जिल्हे भारताच्या मधोमध असून भारताच्या बाहेर! १५ ऑगस्टला पुण्यात तिरंगा फडकला. हैदराबादेत त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली.

२९ नोव्हेंबरला वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला, पण गावागावांत काहीच जैसे थे नव्हतं. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला. लूट, जाळपोळ, खून सुरू झाले. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते लढत होते, तिकडे तेलंगणात शेतकरी आणि कम्युनिस्ट जमीनदारांविरुद्ध उठले होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने गेली. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली.

आपलं भाषण, आपलं स्टेटस, सगळं इथेच संपतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

अमेरिकेत दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. कारणं वेगळी होती, तिथे मुळाशी गुलामगिरी होती. पण युद्धानंतर १८७७ पर्यंतच्या काळाला त्यांच्याकडे 'रिकन्स्ट्रक्शन' असं स्वतंत्र नाव आहे. त्यावर आजही वाद होतात. आपल्याकडे त्या 'नंतर'ला नावच नाही.

त्या 'नंतर'मध्ये काय आहे? आधी एक अवघड पान. पोलीस ॲक्शननंतर सूडाची लाट आली आणि रझाकारांशी काही संबंध नसलेली मुसलमान माणसंही मारली गेली. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. हे सांगितल्याने मुक्तिसंग्राम लहान होत नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, आणि हेही खरं.

मग उभारणी. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५२ मध्ये निवडणूक झाली. १९५६ मध्ये संस्थानाचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले आणि मराठवाडा मराठी मुलखात आला. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचा शब्द दिला होता. विद्यापीठ आलं १९५८ ला, हायकोर्टाचं खंडपीठ १९८१ ला. मधे १९७४ ला विकासासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने मागे राहिलेल्या कामांचा हिशेब मांडला आणि 'अनुशेष' हा शब्द राजकारणात कायमचा बसला.

मला विचाराल तर आपण एवढ्या संख्येने या पेठेत आहोत, याचं एक कारण त्या अर्धवट उभारणीत आहे. स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं, पण बाकीचं बरंच काही त्याहून कितीतरी उशिरा.

तर येत्या १७ सप्टेंबरला एक काम करा. गावी फोन लावा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "रझाकार गेल्यानंतर आपल्या गावात काय झालं?" जे ऐकाल ते रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला!